सेट घेण्याआधी सहा महिने ऐका

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुमचं वय ५४, नोकरी बँकेत, कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गच्ची सोसायटीची. रविवारचं मटण तुम्ही स्वतः करता. आता त्याच्या जोडीला हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन रेडिओवरून लांबलांबच्या हौशी लोकांशी बोलण्याचा छंद लावून घ्यायचाय. साठेक हजारांचा एक सेट बघून ठेवलाय, तो घ्यावा की दुसरा, हे तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एक ओळ टाकलीय : ‘घरचे म्हणतात मोबाईल असताना हे कशाला, मलाही नीट सांगता येत नाही, आधी गिटार नि कॅमेरा घेतला, दोन्ही कपाटात आहेत.’

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या ओळीत आहे. कुठला सेट, हे मी दोन वाक्यांत सांगू शकतो. पण हा छंद कपाटात जाऊ नये म्हणून पहिल्या सहा महिन्यांत काय करायचं, त्याला सविस्तरच लिहावं लागेल. मी गेली बावीस वर्षं परवानाधारक हॅम आहे. उद्यमनगरात टर्निंगचं काम करतो आणि रेडिओ सकाळी कामाआधी नि रात्री जेवणानंतर. जे लिहितोय ते या बावीस वर्षांत जे जमलं आणि जे फसलं त्यातून.

तर पहिली गोष्ट : आत्ता सेट घेऊ नका. याला कायद्याचंही कारण आहे, ते आधी सांगतो. परवाना नसताना प्रक्षेपण करणारा सेट घरात ठेवणं बेकायदेशीर आहे, मग तो वापरा किंवा न वापरा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक वॉकीटॉकींनाही हेच लागू. लोकांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. साधा रेडिओ ऐकायला मात्र आता परवाना लागत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला तोही लागायचा. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरून पुस्तकात नोंद करून आणायची पद्धत होती.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही मटण करता म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. आपल्याकडे तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से एकाच अळणीतून निघतात. अळणी नीट उतरली नसेल तर वरून चटणी कितीही चांगली घाला, डंखावर कुटून आणलेली असली तरी तांबडा बसत नाही. आणि पांढऱ्यात तर लपवायला काहीच नसतं. रेडिओत ऐकणं म्हणजे ही अळणी. कोणत्या वेळी कोणता बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा, उघडा असतो, खरखर कुठली नि आवाज कुठला, लोक एकमेकांना हाक कशी मारतात, मध्ये कधी बोलायचं नि कधी थांबायचं, हे कान तयार झाल्याशिवाय कळत नाही. ज्यांनी आधी सेट घेतला आणि नंतर ऐकायला सुरुवात केली, त्यातले बरेच वर्षभरात थंड पडलेले मी पाहिलेत. बटण दाबून हाक मारली, उत्तर आलं नाही, आणखी दोनदा मारली, उत्तर आलं नाही. सेट बिघडलेला नव्हता. त्या वेळी त्या बँडवर कुणी नव्हतंच, आणि हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

आता ऐकायचं कशावर? शॉर्टवेव्ह असलेला एक छोटा रेडिओ घ्या, दोन-चार हजारांत चांगला मिळतो. शक्यतो एसएसबी (सिंगल साइडबँड) लागणारा घ्या, कारण हॅम लोकांचं बोलणं त्या पद्धतीत असतं आणि साध्या रेडिओवर ते बदकाच्या आवाजासारखं ऐकू येतं. तोवर फुकटात सोय हवी असेल तर इंटरनेटवर ठिकठिकाणचे रिसीव्हर लोकांनी खुले ठेवलेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा तर खूप जुना आणि उत्तम आहे. घरात बसून तिथल्या अँटेनावरचा आवाज ऐकता येतो, ट्यूनिंग आपल्या हातात. पण एक सांगून ठेवतो : तिथलं आकाश युरोपचं आहे. राजारामपुरीच्या गच्चीवर काय येतं ते तिथे कळणार नाही. म्हणून तो शिकण्यापुरता आणि छोटा रेडिओ रोजचा.

आकाशाचं गणित थोडं समजून घ्या, कारण या छंदाची सगळी गोडी त्यातच आहे. आपल्या डोक्यावर साठ किलोमीटरपासून पुढे काहीशे किलोमीटरपर्यंत हवेचे असे थर आहेत, ज्यातले कण सूर्यामुळे विद्युतभारित होतात. सगळ्यात खालचा डी थर दिवसा लांब लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरून जातो आणि वरचा एफ थर मोकळा होतो. मग लहर त्यावर आपटून शेकडो, हजारो किलोमीटर लांब उतरते. मी लहान असताना आमच्याकडे दिवसा मीडियम वेव्हवर आकाशवाणीचं सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर खणखणीत लागायचं, आणि रात्री त्याच पट्ट्यात कुठकुठल्या भाषा घुसायच्या. वडील म्हणायचे, रात्री रेडिओला पंख फुटतात. आकाशवाणी कोल्हापूरचं १०२.७ मेगाहर्ट्झचं एफएम मात्र दिवसरात्र सारखंच, कारण त्या लहरी वरच्या थरातून आरपार निघून जातात. त्या फक्त नजरेच्या टप्प्यातल्या.

आता हेच हॅमच्या बँडवर आणा. ४० मीटरचा बँड (नाव लहरीच्या लांबीवरून), म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, आपल्या देशातल्या गप्पांचं मुख्य ठिकाण. सकाळी सहा-साडेसहापासून तिथे पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, केरळ अशी स्टेशनं ऐकू येतात. संध्याकाळनंतर जवळची विरतात आणि लांबची चढतात. २० मीटरचा बँड, १४.० ते १४.३५ मेगाहर्ट्झ, दुपारनंतर पश्चिमेकडे उघडायला लागतो. ऑफिसातून आल्यावर बसलात तर युरोप ऐकू येईल. हे रोज सारखं नसतं. सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असतं, त्याचा जोर २०२४च्या सुमारास शिगेला होता. जोर असताना वरचे बँड छान चालतात, ओसरला की ४० मीटर अधिक भरवशाचा. ऋतूवर, वेळेवर, एखाद्या सौरवादळावरही फरक पडतो. म्हणूनच ‘रोज अमुक वाजता अमुक देश लागेल’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुमच्या वहीतून तुम्हालाच कळेल.

वहीचं मी आग्रहानं सांगतो. शंभर पानी वही, चार रकाने : वेळ, फ्रिक्वेन्सी, कोण ऐकू आलं, कसं ऐकू आलं. वेळ जागतिक वेळेत लिहायची सवय आत्ताच लावा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहिला महिना नुसता गोंधळ वाटेल. दुसऱ्या महिन्यात तुम्हाला काही आवाज ओळखीचे होतील, अमुक गृहस्थ रोज सकाळी असतात, त्यांच्या मागे कोंबडा आरवतो, असं. तिसऱ्या महिन्यात घड्याळ न बघता बँडच्या आवाजावरून वेळ सांगता येईल. कांदा-खोबरं भाजताना कधी थांबायचं ते तुम्ही वासावरून ओळखता ना, तसंच हे. गिटार आणि कॅमेरा कपाटात का गेले ते मी सांगू शकत नाही, पण ज्यांची वही तीन महिने टिकली त्यांचा रेडिओ सहसा कपाटात गेलेला नाही.

याच सहा महिन्यांत परीक्षेचा अभ्यास करा. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते. वयाची अट फक्त किमान १२ वर्षं, वरची मर्यादा नाही. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. दोन्हींत रेडिओचं तंत्र आणि नियम यांवर लेखी प्रश्न असतात. जनरलला ठिपके-रेघांच्या मोर्स संकेतांचीही परीक्षा असते, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचं कॉल साईन, म्हणजे हवेतली ओळख, ‘व्हीयू३’ने सुरू होतं, जनरलवाल्यांचं ‘व्हीयू२’ने. राजीव गांधी हॅम होते, त्यांचं कॉल साईन व्हीयू२आरजी. बँकेत नोकरी म्हणजे अभ्यासाची नि परीक्षेची सवय आहे, लेखी भाग तुम्हाला जड जाणार नाही. ओहमचा नियम, कपॅसिटर-कॉइल, मॉड्युलेशन, अँटेना एवढं दहावीच्या विज्ञानापासून सुरू केलंत तरी रोज अर्ध्या तासात होतं. परीक्षेची तारीख आणि परवाना हातात यायला लागणारा वेळ मात्र आपल्या हातात नाही. अर्ज करून शांत राहायचं आणि ऐकत राहायचं.

मोर्स शिकायचा असेल, आणि मी म्हणेन शिकाच, तर ठिपके-रेघांचा तक्ता भिंतीवर लावू नका. मी लावला होता आणि त्यात माझं एक वर्ष गेलं. डोळा ठिपके मोजायला लागतो, तोवर पुढची तीन अक्षरं निघून गेलेली असतात. मोर्स तालासारखा शिकायचा. ‘के’ म्हणजे डा-डि-डा, ‘आर’ म्हणजे डि-डा-डिट. तबल्याचे बोल जसे तोंडानं म्हणत म्हणत हातात येतात, तसं. अक्षर पूर्ण वेगात ऐकायचं, दोन अक्षरांमधली जागा फक्त मोठी ठेवायची. दोन अक्षरांनी सुरुवात, पक्की झाली की तिसरं. सकाळी पंधरा मिनिटं आणि रात्री पंधरा. रविवारी एकदम तीन तास बसून उपयोग होत नाही.

आता गच्ची आणि अँटेना. पैशाची वाटणी विचाराल तर मी अँटेनाच्या बाजूनं बोलेन. चांगल्या अँटेनावर जुना सेट जग दाखवतो, वाईट अँटेनावर दोन लाखांचा सेटही मुका. आणि अँटेना महाग नसते. ७.१ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४२ मीटर लांब, तिची अर्धी २१, तार असल्यामुळे त्यातले पाच टक्के कमी, म्हणजे साधारण २० मीटर तार. मधोमध तोडायची, दोन्हीकडे दहा-दहा मीटर, मध्ये कोअ‍ॅक्स केबल (टीव्हीच्या अँटेनाला असते तशी) जोडायची. झाला डायपोल. काहीशे रुपयांची तांब्याची तार, इन्सुलेटरला प्लॅस्टिकचे तुकडेही चालतात. तुमची गच्ची वीस मीटर सरळ देत नसेल, आणि फ्लॅटची बहुतेक देत नाही, तर मधला भाग पाण्याच्या टाकीच्या स्टँडवर उंच नेऊन दोन्ही टोकं तिरपी खाली आणा. तेही जमत नसेल तर २० मीटर बँडचा करा, तो सगळा मिळून दहा मीटर लागतो. गच्चीचा नकाशा आणि आजूबाजूच्या इमारती न बघता याहून नेमकं सांगता येणार नाही. एकच गोष्ट कुठल्याही गच्चीला लागू : वीज कंपनीच्या तारांजवळ अँटेनाची तार जाता कामा नये. ती तुटून पडली तरी त्या तारांपर्यंत पोहोचणार नाही एवढं अंतर ठेवा. यात तडजोड करू नका.

सोसायटीचं म्हणाल तर मलाही आधी नकारच मिळाला होता. टीव्हीत गडबड होईल ही भीती, आणि भिंतीला भोकं पाडणार ही दुसरी. मी परवान्याची प्रत लावून पत्र दिलं, भोक न पाडता पट्ट्यानं पाईप बांधेन असं लिहून दिलं, आणि पहिल्याच रविवारी शेजाऱ्यांना घरी बोलावून त्यांच्यासमोर प्रक्षेपण केलं. तेव्हा त्यांचा टीव्ही चालू ठेवायला सांगितलं होतं. काही झालं नाही. पाईपचा क्लॅम्प मी स्वतः लेथवर केला. तुम्हाला हवा असेल तर उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये माप सांगा, तासाभरात होतो. आपल्या गावाची ही सोय इतर शहरांतल्या हॅमना हेवा वाटावा अशी आहे.

एक अडचण तुम्हाला पहिल्याच आठवड्यात येईल : खरखर. फ्लॅटमध्ये चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, वायफाय, सगळेच थोडा थोडा गोंगाट करतात. माझ्याकडे रोज संध्याकाळी साडेसातला ४० मीटरवर एक गुणगुण सुरू व्हायची. महिनाभर मी आकाशाला दोष देत होतो. मग एके दिवशी रेडिओ बॅटरीवर लावला आणि घराचा मेन स्विच पाडला. गुणगुण गेली. एकेक स्विच चढवत गेलो, तर देवघरातल्या एलईडी माळेच्या छोट्या अडॅप्टरपाशी येऊन थांबलो. अडॅप्टर बदलला, केबलला गोंगाट अडवणारी फेराईटची रिंग घातली, बँड स्वच्छ. तुम्हीही असंच शोधा. शेजारच्या घरातून गोंगाट येत असेल तर नीट बोलून प्रश्न सुटतो, बहुतेक वेळा.

इथवरचं एकदा सलग मांडतो : सहा महिने छोटा रेडिओ नि वही, त्याच काळात अर्ज, अभ्यास आणि मोर्स, सोसायटीशी बोलणं, मग अँटेना, आणि परवाना हातात आला की सेट. तुम्ही पाहिलेला साठ हजारांचा सेट वाईट नाही. पण तोवर तुम्हाला हेही कळलेलं असेल की मन मोर्समध्ये रमतंय, लांबच्या देशांत, की पन्हाळ्यावर जाऊन हँडसेटवर बोलण्यात. आणि त्यानुसार कदाचित वेगळाच सेट घ्याल. शंभर वॉटच्या सेटला १३.८ व्होल्टवर वीसेक अँपिअर देणारा पॉवर सप्लायही लागतो, तो हिशेबात धरा.

पन्हाळ्याचं नाव निघालं म्हणून. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा बँड नजरेच्या टप्प्यात चालतो, त्यामुळे खोलगट शहरात तो घरांच्या भिंतींत अडकतो. पण पन्हाळा किंवा जोतिबा शहरापेक्षा साधारण चारशे मीटर उंच. तेवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज ऐंशी किलोमीटरच्या आसपास जातं. हातातला पाच वॉटचा सेट, अर्ध्या मीटरची अँटेना, आणि मिरज-सांगलीकडचा माणूस शेजारी उभा असल्यासारखा बोलतो. याच बँडवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकही १४५.८०० मेगाहर्ट्झवर अधूनमधून ऐकू येतं, डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटं. परवाना आला की एक रविवार मटण सकाळीच उरका आणि मुलांना घेऊन वर जा. घरच्यांना छंद समजावण्याचा हा मला माहीत असलेला सगळ्यात सोपा मार्ग.

आता घरच्यांचा प्रश्न, मोबाईल असताना हे कशाला. लोक याला नेहमी आपत्तीचं उत्तर देतात, आणि ते खरंही आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक हॅम गट पोर्ट ब्लेअरमध्ये होता. अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क राखण्यात त्यांच्या सेटचा मोठा वाटा होता. आपण ऑगस्ट २०१९ बघितलाय. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी, पाणी ५५च्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, कित्येक भागांत वीज नाही, नळाला पाणी नाही. त्या दिवसांत माझ्याकडची बारा व्होल्टची बॅटरी नि छोटा सोलर पॅनेल आमच्या गल्लीतल्या लोकांचे फोन चार्ज करायला जास्त उपयोगी पडला आणि रेडिओवर मी मुख्यतः ऐकत बसलो होतो. पण ऐकण्याची, थोडक्यात बोलण्याची, लिहून घेऊन परत वाचून दाखवण्याची सवय तेव्हाही बऱ्याच वर्षांची होती, त्यामुळे घबराट झाली नाही.

तरीही घरच्यांना पुराचं कारण देऊ नका. पूर रोज येत नाही आणि त्या आधारावर छंद टिकत नाही. मोबाईलवर आपण ठरवलेल्या माणसाला फोन करतो. इथे हाक मारायची नि कोण उत्तर देईल ते माहीत नसतं. मला एकदा पहाटे उरल पर्वताजवळच्या एका शाळामास्तरांचं उत्तर आलं. त्यांच्याकडे बर्फ, आमच्याकडे उसाच्या फडाला आग लावल्यावर उडणारी राख गच्चीत पडत होती. दोघांनाही जेमतेम इंग्रजी. दोन महिन्यांनी त्यांचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे बोलणं झाल्याची पोचपावती, पोस्टानं आलं, त्यावर हातानं काढलेलं बर्चचं झाड. मधे ना टॉवर, ना कंपनी, फक्त माझ्या गच्चीवरची वीस मीटर तार आणि आकाश. ते कार्ड मी आईला दाखवलं तेव्हा तिनं पुन्हा कधी विचारलं नाही की हे कशाला.

शेवटचं, कारण तुम्ही मार्चमध्ये सुरुवात करताय. एप्रिल-मे म्हणजे वळीव. जोतिबाच्या बाजूला ढग दिसायच्या आधीच रेडिओवर कडकडाट ऐकू यायला लागतात. मीडियम वेव्ह लावून ठेवली तर अर्धा-पाऊण तास आधी कळतं. तो आवाज आला की अँटेनाची केबल सेटमधून काढायची आणि खिडकीबाहेर टाकायची, नुसता स्विच बंद करून भागत नाही. अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा) आणि अर्थिंग लावलं असलं तरीही काढायची. गावाला जाताना काढून जायची. मी खिडकीच्या चौकटीला एक हूक ठोकलाय, केबल त्याला अडकवलेली दिसली की घरातल्या सगळ्यांना कळतं, आज रेडिओ नाही.